थोरली कुणाबरोबर

धाकटीनं लग्न ठरवलं, आणि ठरवलं तेही अशा ठिकाणी, जिथं माणसं बाराही महिने फक्त सुट्टी घालवायला येतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नुसती हॉटेलं. धाकटी तिथल्याच एका हॉटेलात पाहुण्यांच्या खोल्यांची व्यवस्था बघायची आणि नवरा मुलगा तिथल्याच तलावात पाहुण्यांना पोहायला शिकवायचा. जावई काय करतो ते कळल्यावर आप्पा म्हणाले, चला, आपल्यात एक तरी बुडणार नाही.

पण आप्पांना खरा आनंद झाला तो हॉटेलच्या माहितीपत्रकानं. ‘येथे रस्त्याने, समुद्रमार्गे आणि विमानाने पोहोचता येते’ हे वाक्य त्यांनी चष्मा वर करून वाचलं, चष्मा खाली करून वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. आयुष्यभर ते दोन वाटांवर भागवत आले होते. इथं तिसरी वाट आयती मिळाली होती. आई म्हणाली, वाटा कितीही असोत, माणसं तेवढीच आहेत. पण आप्पांची वाटणी डोक्यात सुरूही झाली होती.

आप्पांचा नियम साऱ्या नात्यागोत्यात ठाऊक होता. अख्ख्या घरानं एका गाडीत बसायचं नाही. एकाच दोरीवर सगळी धुणी वाळत घालू नयेत, असं ते म्हणत. लोक हसत, पण तोंडावर कुणी हसत नसे, कारण नियम कुठून आला तेही ठाऊक होतं. आप्पा लिफ्ट दुरुस्त करायचे. ऐन तारुण्यात एका सकाळी त्यांचे आईवडील, मोठा भाऊ, वहिनी आणि भावाची पोरं एका भाड्याच्या जीपमधून एका लग्नाला निघाली. आप्पांनाही जायचं होतं. पण एका इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं म्हणून बोलावणं आलं आणि ते मागं राहिले. अडकलेला माणूस बाहेर निघाला. जीप दरीतून निघाली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आप्पा त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले.

तेव्हापासून कुठंही जायचं झालं की दोन गाड्या. सिनेमाला जाताना दोन रिक्षा. लिफ्टमध्ये तर विचारूच नका. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्येही ते घराला दोन खेपांत चढवत. आणि पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे दुसऱ्या गाडीतल्यांना गाठून विचारायचं, ‘पोहोचलात का?’ पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानातून, मग घरच्या फोनवरून, आता मोबाइलवरून. ‘हो’ ऐकेपर्यंत ते पाण्याचा घोटही घेत नसत.

या वेळची वाटणी त्यांनी जेवताना जाहीर केली. आई आणि सून विमानानं. मधला, म्हणजे थोरलीच्या पाठचा भाऊ, लग्नाचं सामान घेऊन बसनं. मधला पाण्याचे पंप विकतो, त्याला सामान घेऊन हिंडायची सवय आहे. सासू-सुना एकत्र आणि तेही हवेत, यावर मधल्यानं काहीतरी विनोद केला आणि बायकोकडं बघून गप्प बसला.

“बोटीनं मी आणि थोरली,” आप्पा म्हणाले.

थोरलीनं ताटातून मान वर केली नाही. तिला वेगळं काही ऐकायला मिळेल असं वाटलंच नव्हतं. जन्मभर हेच चाललं होतं. वाटणीत काहीही बदलो, थोरली आप्पांबरोबर. आणि आप्पा नेहमी त्यातल्या त्यात वाईट गाडीत बसत. आई आणि धाकटी दोघी आगगाडीनं, तर आप्पा आणि थोरली खडखडाट करणाऱ्या बसनं. बरी गाडी दुसऱ्यांना द्यायची, हा त्यांचा चांगुलपणा होता. पण त्या चांगुलपणात थोरलीला कुणी विचारलं नव्हतं. ती परकर-पोलक्यात होती तेव्हा एका मावशीनं पापड लाटता लाटता गंमत केली होती, की तुझे आप्पा हिशेबी हो, धोक्याच्या गाडीत स्वतः बसतात आणि बरोबर नेतात ते जिच्यावाचून कुणाचं अडणार नाही तिला. सगळ्या बायका हसल्या. थोरलीही हसली. मावशी ते विसरली असेल, पण ते वाक्य थोरलीच्या पायात काट्यासारखं मोडून राहिलं होतं. चाललं की सलायचं.

आता तिची चाळिशी उलटून गेली होती. ती शाळांचे गणवेश शिवायची, पडदे शिवायची. लग्न झालं नव्हतं. एक स्थळ आलं होतं लांबच्या गावाहून, चांगलं होतं. पण त्याच सुमारास आप्पांना कुठं कुठं जावं लागत होतं आणि त्यांच्याबरोबर जायला कोण, या प्रश्नात ते मागं पडलं. कुणी नाही म्हणालं नव्हतं. नुसतं मागं पडलं.

आणि म्हणूनच या खेपेला तिच्या बॅगेत, नव्या साडीच्या घडीत, तिची कापड कापायची मोठी कात्री होती.

धाकटीनं हॉटेलात बोलून ठेवलं होतं. तिथं पडदे, चादरी, नोकरांचे कपडे, शिवायला आणि दुरुस्तीला एवढं असायचं की बाहेरचा शिंपी पुरा पडत नव्हता. मागच्या बाजूला एक खोली, खिडकी, दोन मशिनं आणि राहायला जागा. लग्नाला आलीस की हो की नाही ते सांग, असं हॉटेल चालवणाऱ्या बाईंनी कळवलं होतं. थोरलीनं मनात हो म्हणून टाकलं होतं. ज्याच्यावाचून अडत नाही त्यानं निघून जायला हरकत कसली? फक्त आप्पांना सांगायचं होतं. घरी आईसमोर ते जमलं नव्हतं. बोटीवर सांगायचं, असं तिनं ठरवलं. बोटीवर दोघंच असणार, आणि आप्पा उठून कुठं जाणार?

बोट सकाळी सुटली. आप्पा चढल्या चढल्या कामाला लागले. माणसं किती मावतात त्याची पाटी वाचली, लाइफ जॅकेटांच्या पेटीचं झाकण उघडून बघितलं, शिडीचा कठडा हलवून बघितला. एका खलाशानं विचारलं, साहेब तपासणीला आलात का? आप्पा म्हणाले, सवयीनं बघतो. मग दाराजवळच्या बाकावर बसले आणि शेजारची जागा हातानं थोपटली. थोरली बसली.

“फोन आला का?”

“आत्ता तर बंदर सुटलंय, आप्पा. आईचं विमान दुपारचं आहे.”

“मधल्याचा?”

“तो झोपला असेल बसमध्ये.”

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. जागेवर बसून त्यांच्या जिवाची जी धावपळ चालायची ती थोरलीला पाठ होती. पायाचा अंगठा चपलेत आत-बाहेर, बोटं गुडघ्यावर. ते एकाच वेळी घाटात असायचे, ढगात असायचे. फक्त जिथं बसलेत तिथं नसायचे. ती शेजारी असायची, म्हणून तिच्याबद्दल कधी विचारावं लागायचं नाही. लहानपणी तिला याचा हेवा वाटायचा. आपणही एकदा दुसऱ्या गाडीत असावं, आणि आप्पांनी कोपऱ्यावरच्या दुकानात धावत जाऊन आपल्यालाही विचारावं, पोहोचलीस का.

“आप्पा, एक बोलायचं होतं,” ती म्हणाली.

“बोल की.” आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. मधला होता. घाटात दरड आली म्हणून बस थांबली आहे, माती काढतायत, काळजीचं काही नाही. आप्पांनी दरड केवढी, बस दरडीच्या अलीकडं की पलीकडं, चाकं रस्त्याच्या कडेपासून किती लांब, सगळं विचारलं. मधला म्हणाला, खाली उतरून बघतो, आणि फोन तुटला. त्यानंतर बोट किनाऱ्यापासून लांब गेली आणि मोबाइल नुसता खेळणं होऊन बसला.

आता आप्पांपुढं काही बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. थोरली उठली, कठड्यापाशी गेली, परत आली. बसवेना, उभं राहवेना. बॅग उचलून या बाकाखालून त्या बाकाखाली ठेवली. तिला वाटत होतं की त्या कात्रीचा आवाज येतोय. बरोबरचे लोक पत्ते खेळत होते, फोटो काढत होते, एक जोडपं गाणी म्हणत होतं. सुट्टीवर निघालेली माणसं; त्यांना कुठं पोहोचायचं याची घाई नव्हती. आपल्याला मात्र पोहोचायचंय की पोहोचायचं नाहीये, हेच थोरलीला समजेना.

दुपारनंतर वारा सुटला. लाटा फार मोठ्या नव्हत्या, पण बोट अशी काही डोलायला लागली की पत्ते खेळणारे पत्ते आवरून बसले. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. थोरलीनं त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

किनारा दिसला, हॉटेलांच्या पांढऱ्या भिंती दिसल्या, आणि बोट थांबली. धक्क्याला पाणी कमी, मोठी बोट तिथवर जातच नाही, असं खलाशानं सांगितलं. लहान होड्या येतात आणि माणसांना उतरवून नेतात, नेहमीचंच आहे. माहितीपत्रकात हे लिहिलं नव्हतं. आप्पांनी ते वाक्य एवढ्यांदा वाचलं होतं, पण शेवटचा तुकडा कसा पार करायचा ते त्यात नव्हतं.

होड्या आल्या. शिडी लावली. होडी वर यायची, खाली जायची. वर आली की खलाशी एकेका माणसाचा दंड धरून पाऊल टाकायला सांगायचा. लोक हसत, किंचाळत उतरत होते. थोरली आणि आप्पा शिडीच्या तोंडाशी आले तोवर होडी भरत आली होती.

“एकच जागा आहे,” होडीवाला खालून म्हणाला. “कोण येतंय?”

थोरलीला त्या क्षणी गंमतच वाटली. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते असं आयतं समोर आलं होतं. ती म्हणाली, “मी जाते पुढं, आप्पा. तुम्ही मागच्या होडीनं या. तुमच्याच नियमात बसतं.”

तिनं पाऊल उचललं आणि तिचा हात मागं ओढला गेला. आप्पांनी मनगट धरलं होतं. लिफ्टचे नट पिळताना पान्यावर बसते तशी त्यांची पकड होती.

“सोडा ना. लोक थांबलेत.”

“मी एकटा नाही उतरू शकत,” आप्पा म्हणाले.

“खलाशी धरतो की.”

“जीपच्या त्या दिवसापासून एकटा मी कुठल्याच गाडीत-होडीत चढलेलो नाही, थोरले.” ते तिच्याकडं नाही, पाण्याकडं बघत होते. “मधल्याच्या जन्माच्या वेळी तुझी आई तिकडं दवाखान्यात होती. तुला घेऊन बस-स्टॉपवर उभा होतो. एक बस गेली, दुसरी गेली. पाय उचलेना. पायरीवर ठेवताच येईना. तू एवढीशी. तू चढलीस, वरून हात पुढं केलास आणि म्हणालीस, आप्पा, या ना. मग चढलो. तेव्हापासून प्रत्येक वेळी आधी तू चढतेस. तुझ्या लक्षात नाही आलं?”

नव्हतं आलं. तिला तर ते कधी आठवतही नव्हतं. होडीवाल्यानं वैतागून दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं आणि होडी निघाली.

थोरलीला रडू यायला हवं होतं, आणि आलंही थोडंसं. पण त्याच्या आधी आला तो राग. एवढी वर्षं ती स्वतःला जास्तीचा दाणा समजत होती, आणि इकडं तिच्याच हातावर सगळं उभं होतं. एका शब्दानं सांगितलं असतं तर? लांबच्या गावचं स्थळ तिला आठवलं. कुणी नाही म्हणालं नव्हतं.

“मला वाटायचं, मी गेले तरी चालेल म्हणून मला नेता,” ती म्हणाली. “वाईट गाडीत.”

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांचा हात आपोआप सुटला.

“असं वाटायचं तुला?”

“मग काय वाटणार? तुम्ही काही बोललात का कधी?”

“बापानं पोरीला काय सांगायचं, की मला भीती वाटते?”

“सांगायचं,” थोरली म्हणाली. “मी हो म्हटलंच असतं. पण विचारायचं होतं.”

दुसरी होडी आली. थोरली आधी उतरली, वळली आणि हात पुढं केला. आप्पा उतरले. तिनं बॅगेला हात लावायच्या आधी त्यांनीच ती खलाशाकडून घेतली आणि मांडीवर ठेवली. होडी हलत होती, तोंडावर पाणी उडत होतं. आप्पांनी बॅग जरा वर उचलून तोलली, बाहेरूनच चाचपली, पुन्हा मांडीवर ठेवली.

“जड आहे,” ते म्हणाले.

“असू दे.”

किनाऱ्यावर धाकटी उभी होती. आई आणि सून कधीच पोहोचल्या होत्या आणि एकमेकींना धरून होत्या. विमानात काय झालं कोण जाणे, पण सासू-सुनेचं एकदम गूळपीठ जमलं होतं. मधला अंधार पडता पडता आला, बुटांवर चिखल, सामान शाबूत. आप्पांनी प्रत्येकाला डोळ्यांनी मोजलं आणि मग ते पाणी प्यायले.

लग्न छान झालं. जावई लाजरा निघाला आणि आप्पांना पोहायला शिकवतो म्हणाला. सगळे हसले, आप्पा हसले नाहीत. विचार करतो म्हणाले. थोरलीनं हॉटेलच्या मागची खोली बघितली. खिडकीला पडदा नव्हता. मशिनवरून तिनं हात फिरवला, पायानं पायडल दाबून बघितलं, आणि बाईंना उद्या सांगते म्हणाली. जे घरून निघताना पक्कं होतं ते आता पक्कं राहिलं नव्हतं. आपला हात सुटला तर आप्पा पायरीपाशीच उभे राहतील, बस मागून बस जाईल. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

परतायच्या दिवशी नाश्त्याला लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले होते. आप्पांनी चमच्यानं कपावर टकटक केलं.

“परतीचं ऐका. मधला आणि सूनबाई, रस्त्यानं.”

दोघंही एकदम त्यांच्याकडं बघायला लागली. लग्न झाल्यापासून त्या दोघांनी लांबचा प्रवास एकत्र केला नव्हता.

“म्हणजे मी पुन्हा हवेत?” आई म्हणाली.

“तू माझ्याबरोबर. बोटीनं.”

आईचा कप तोंडापर्यंत आला होता तो तिथंच राहिला. थोरली आपलं नाव ऐकायला थांबली होती. रस्ता झाला, समुद्र झाला. आता आपण एकट्याच विमानात की काय? पण आप्पांनी चमचा खाली ठेवला आणि पावाला लोणी लावायला घेतलं.

“आणि थोरली कुणाबरोबर?” मधल्यानं विचारलं.

आप्पा लोणी पसरत राहिले. “अख्खा जन्म वजनं उचलण्यात गेला माझा,” ते म्हणाले. “दोन दिवसांच्या लग्नाला कापड कापायची कात्री घेऊन कुणी येत नाही.”

धाकटीनं मान खाली घातली.

“तुला विचारायचं राहिलं होतं म्हणालीस ना,” आप्पा तिला म्हणाले. “आता विचारतो. राहायचंय का तुला इथं?”

“हो,” थोरली म्हणाली.

“मग झालं.”

दुपारी ती त्यांना पोहोचवायला धक्क्यावर गेली. समुद्र शांत होता, तरी होडी धक्क्याला लागून जराशी हलत होतीच. आई पदर खोचून आधी उतरली आणि बसली. आप्पा कडेला आले आणि थांबले. चपलेतला अंगठा आत-बाहेर होऊ लागला. होडीवाला म्हणाला, चला आजोबा. आप्पा हलले नाहीत. त्यांनी मान वळवून थोरलीकडं बघितलं.

तिचा हात उठलाच होता. तिनं तो मागं घेतला, दुसराही मागं घेतला, आणि पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून ठेवले. तेवढं एक काम तिला आयुष्यातल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं.

“अहो,” आई होडीतून म्हणाली. तिनं हात पुढं केला होता. “या ना.”

आप्पांनी तो हात धरला, डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

होडी मोठ्या बोटीपाशी पोहोचेपर्यंत थोरली बघत राहिली. मग वळून हॉटेलच्या वाटेला लागली, भराभर, कारण रमत गेलं तर आपण परत धावत धक्क्यावर जाऊ असं तिला वाटत होतं. मागच्या खोलीत ती शिरली आणि कात्री टेबलावर ठेवते न ठेवते तोच मोबाइल वाजला. बोट अजून किनाऱ्याजवळच असणार.

“थोरले,” आप्पांचा आवाज वाऱ्यात तुटत होता. “पोहोचलीस का?”